राणीचे ओठ

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन बहिणी उभ्या होत्या. धाकटी सिनेमातल्या नट्यांना आवाज देणारी, आणि भयंकर तापलेली.

"ताई, राजा संशयापायी राणीला विष पाजतो ती जुनी शोकांतिका. आता तिच्यावर सिनेमा, म्हणे राणीच्या नजरेतून! आणि मी सकाळपासून माइकसमोर नुसते हुंदके देत होते."

"अगं, मग गोष्ट सांगतं कोण?"

"निवेदक. पुरुषाचा आवाज भारदस्त वाटतो म्हणे!"

"राणी काहीच बोलत नाही?"

"बोलते ना, मरताना. 'चूक माझीच होती.'"

"शी! आणि तू म्हटलंस?"

"म्हणतंय माझं खेटर! हेडफोन काढून ठेवला आणि तडक निघून आले."

"अगं बाई! मग आता?"

"आता काय? पडद्यावर नुसते तिचे ओठ हलतायत. बसू देत सगळ्यांना बघत."