खाली उतरवलेल्या आरशाबाबत

जबाब देणार : पुरुष, वय तेवीस, शिक्षण आठवीपर्यंत, धंदा दाढी-कटिंगचे दुकान, राहणार दुकानामागची खोली, बाजाराची मागची गल्ली.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी वडिलांसोबत राहतो. दुकान त्यांचे आहे. आजारपणापासून त्यांचे डावे अंग चालत नाही. ते चाकाच्या खुर्चीत असतात व दुकान मी बघतो.

आज सकाळी मी त्यांची दाढी करीत होतो. डावा गाल झाल्यावर त्यांनी माझे मनगट धरले व म्हणाले, "बास. उरलेली मी करीन." आमच्या बाथरूममधला आरसा उभ्या माणसाच्या उंचीचा आहे, त्यात त्यांना स्वतःचे फक्त कपाळ दिसते. दुकानातल्या आरशापुढे ते करणार नाहीत. वस्तरा धरलेला हात थरथरताना गिऱ्हाइकाला दिसू नये, असे त्यांचे म्हणणे आहे.

म्हणून दुकान बंद ठेवून मी त्यांना तसेच अर्ध्या दाढीने बाथरूमच्या सामानाच्या शोरूममध्ये नेले. बेसिन, खाली कपाट व वर आरसा असा जोड तिथे मिळतो, त्याला व्हॅनिटी म्हणतात. जमिनीवर ठेवायच्या जोडांत वडिलांचे गुडघे कपाटाच्या दाराला थडकत होते. भिंतीवर टांगायचा, उथळ कप्प्याचा एकच जोड योग्य वाटला. परंतु तो भिंतीवरच्या खाचांच्या पट्टीला उंचावर अडकवलेला होता. दोन खाचा खाली घेऊन दाखवा, असे मी शोरूमच्या मालकांना सांगितले.

मालक म्हणाले, "या उभ्याने वापरायच्या वस्तू आहेत. बसून कोण तोंड बघतं?"

वडील म्हणाले, "माझ्याकडे आलेला प्रत्येक जण बसूनच बघायचा. तुम्हीसुद्धा, मालक. टक्कल पडायच्या आधी."

मालक रागाने आत गेले. तेव्हा मी तो जोड पट्टीवरून उचलून दोन खाचा खाली अडकवला. दुसरी बाजू एका गिऱ्हाईक बाईंनी धरली. त्यांचे नाव मी विचारले नाही, विचारले असते तरी इथे सांगितले नसते. त्या वेळी कपाटाचा कोपरा लागून भिंतीची एक टाइल तडकली. ही गोष्ट खरी आहे.

वडिलांचे गुडघे बेसिनखाली बरोबर गेले. उजवा हात नळाला पोहोचला. मग त्यांनी आरशात बघितले. मान वळवून डावा गाल न्याहाळला. नंतर म्हणाले, "कानापुढचा कल्ला तिरका ठेवलायस."

मी म्हणालो, "हो, आबा."

मालक बाहेर आले व ओरडले, "आहे तसं वर लाव, नाहीतर पोलिसांना बोलावतो!" मी "बोलवा" म्हणालो आणि खुर्चीचा ब्रेक लावला. मी कोणाला शिवी दिली नाही, हात लावला नाही.

माफी मागून प्रकरण मिटवता का, असे मला इथे विचारण्यात आले. टाइलबद्दल मी माफी मागतो व ती नवीन बसवून देईन. आरसा खाली घेतल्याबद्दल मागणार नाही. दुसरा जोड दाखवू नये. आम्ही तोच घेणार आहोत व घरी त्याच उंचीवर लावणार आहोत.

हा जबाब मला वाचून दाखवला. शेजारी बसून वडिलांनीही ऐकला. मी बोललो तसाच तो लिहिला आहे. सही करतो. लवकर सोडावे ही विनंती, त्यांची उजव्या गालाची दाढी राहिली आहे.