गादीसाठी एक दाबा

...नाही, मला सांगा, माणसानं एक दिवस रजा घेऊ नये का? एकच दिवस! तीही दाढेसाठी! दाढ काढायला गेलो होतो हो मी, मजा मारायला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठणका परत सुरू झाला म्हणून पुन्हा डॉक्टर, पुन्हा सुई, अर्धा गाल बधिर, तोंडात कापसाचा बोळा, तशाच अवस्थेत कामावर पोचलो, तर फाटकावरचा वॉचमन खाडकन उभा. "अभिनंदन साहेब!" मी विचारलं, कशाबद्दल? म्हणजे विचारायचं होतं, तोंडातून नुसतं "फफाफद्दल" बाहेर आलं... तर म्हणे तुम्हाला समितीत घेतलंय! सॉफ्टवेअर निवड समिती! आता तुम्हाला सांगतो, मीटिंगच्या दिवशी गैरहजर राहण्यासारखं पाप नाही, जो नसतो त्याच्याच गळ्यात घोंगडं पडतं. भांडायला तरी तोंड हवं ना? माझं तोंड त्या दिवशी माझं नव्हतंच. मी म्हटलं, बरं.

आमचा गाद्यांचा कारखाना. मी माल रवाना करणारा, म्हणजे कोणती गादी कोणत्या गाडीत चढली ते बघणारा. तर एका बाजूला ऑफिस, दुसऱ्या बाजूला कारखाना, मध्ये भिंत, आणि भिंतीत एक खिडकी. खिडकीच्या अलीकडे टेबल, टेबलावर फोन, आणि फोनपाशी आमच्या वहिनी. वहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या वहिनी हो, दादाची बायको! मी वहिनी म्हणायचो म्हणून सगळे वहिनी म्हणायला लागले, हिशेबनीस म्हणायला लागला, मालक म्हणायला लागले, मालक त्यांच्या वडिलांच्या वयाचे! गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर "वहिनी आहेत का?" अहो, तुम्हाला गादी हवीय का वहिनी?

तर काम कसं चालायचं? फोन वाजला की वहिनी आधी हातातलं खाणं संपवणार. मग फोन उचलणार. मग त्या माणसाच्या सासूची तब्येत विचारणार, मग गादीचं विचारणार, आणि मग खिडकी सरकवून अशी आरोळी ठोकणार, "डबल! जाड! मऊ नको! सोमवाऽऽऽर!" तिकडून यंत्रांच्या खडखडाटातून शिलाई मास्तरांचा आवाज, "होऽऽऽ!" झालं! तो "हो" आला की गादी झालीच म्हणून समजा. चुका व्हायच्या का? व्हायच्या की! एकानं सिंगल मागितली, त्याला डबल गेली, तर तो म्हणाला राहू दे, आता लग्नच करून टाकतो. केलं हो त्यानं! वहिनींना आमंत्रण होतं, वहिनी जाऊन जेवून आल्या.

आणि एके दिवशी, म्हणजे मी दाढ काढायला गेलो त्या दिवशी, मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आपण बदलायचं! सॉफ्टवेअर घ्यायचं!" टाळ्या झाल्या म्हणे. आणि मागून शिलाई मास्तर, सरळ माणूस, म्हणाले, "पण कशासाठी?"

संपलं. मालकांनी हिशेबनिसाकडे बघितलं, हिशेबनिसानं पंख्याकडे बघितलं, पंखा काय सांगणार? आणि मग ठरलं की हा जो हेतू आहे, हेतू, तो सगळ्यांना नीट समजावून सांगायला एक जबाबदार माणूस पाहिजे. जबाबदार माणूस तिकडे आ वासून पडलाय! मी आल्यावर विचारलं, साहेब, हेतू काय आहे? तर मालक म्हणतात, "अहो, तेच तर तुम्ही सांगायचंय!" मी म्हटलं, बरं.

घरी आलो तर वहिनी ताट वाढता वाढता विचारतात, "भावजी, तुम्ही समितीत आहात ना? मग माझं एक काम करा. एवढंच विचारा, माझं काय?" दादा आत कंबर धरून पडलेला, गाद्या बनवणाऱ्यांच्या घरात कंबरदुखी, हसा, सगळेच हसतात. तो आतून ओरडला, "अगं, तुझं काय व्हायचंय? तुझ्याशिवाय चालेल का त्यांचं?" वहिनी म्हणाल्या, "तरी विचारा." मी म्हटलं, विचारतो.

मग मालकांनी एक बाई आणल्या, बदलवाल्या बाई. त्यांचं कामच ते, ज्या कारखान्यात बदल व्हायचाय तिथं जाऊन लोकांचं मन तयार करायचं. गोड बोलायच्या हो, इतक्या गोड की पुढच्या रांगेतला गोंदवाला झोपला. "मित्रांनो, बदल लादायचा नसतो, रुजवायचा असतो! आधी आपली भीती ओळखा!" आणि प्रत्येकाला एक पिवळी चिठ्ठी दिली, भीती लिहा आणि भिंतीवर चिकटवा. चिकटवली. बाईंनी एकेक वाचायला घेतली. "पंखा पडेल." दुसरी, "डोक्यावरचा पंखा." तिसरी, "पंखा." अहो, त्या हॉलमधला पंखा लटपटतोय, कधीचा लटपटतोय! बाई म्हणाल्या, "वा! हा पंखा म्हणजे आपल्या मनातली अस्थिरता!" मास्तर म्हणाले, "नाही बाई, तो पंखाच आहे." एका चिठ्ठीवर मात्र पंखा नव्हता. बाईंनी वाचली, "माझं काय?" आणि म्हणाल्या, "खूप छान!" आणि खाली ठेवली. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी पंख्याकडे बघत होतो.

आता निवड! तीन कंपन्यांची माणसं येणार, आपापलं सॉफ्टवेअर दाखवणार, आणि आम्ही, म्हणजे मी, हिशेबनीस आणि मालक, तिघांनी मिळून एक निवडायचं. पण आमच्याकडे एक पद्धत आहे. कोणीही येवो, बँकवाला येवो, जावई येवो, त्याला आधी गादीवर आडवं व्हायला लावतात. मालकांचं ठाम मत, माणूस कसा आहे ते तो गादीवर कसा पडतो त्यावरून कळतं. पहिला आला, टाय बांधलेला, म्हणाला, "मी उभाच बरा." गेला! त्याचं सॉफ्टवेअर सुरू व्हायच्या आधी गेला! दुसरी मुलगी होती, हुशार, तिनं कागद काढला, विचारलं, "तुमच्याकडे ऑर्डर कशी येते? कुठं अडते? तुम्हाला हे नेमकं कशासाठी हवंय?" मी खुर्चीत सरसावून बसलो हो, म्हटलं चला, कोणीतरी विचारलं! पण ती गादीच्या कडेला बसली. नुसती टेकली. मालक माझ्या कानात म्हणाले, "हिला घाई आहे." आणि तिसरा... तिसऱ्यानं बूट काढले, आडवा झाला, "आहाहा" म्हणाला, आणि झोपला! घोरला! लॅपटॉप उघडाच, त्यावर एक चाक गरगर फिरतंय, आणि हा ढाराढूर! मालकांच्या डोळ्यांत पाणी. "बघा," म्हणाले, "आपल्या मालावर विश्वास आहे याचा!" हिशेबनीस म्हणाला, हाच. मी म्हणणार होतो, अहो, सॉफ्टवेअर तर बघू या... पण दोघं माझ्याकडे असे बघत होते. मी म्हटलं, बरं.

पण मी विचारलं हं! मालकांना गाठलं आणि विचारलं, वहिनींचं काय? मालक म्हणाले, "अहो, हे सगळं त्यांचा त्रास कमी व्हावा म्हणूनच!" घरी सांगितलं. वहिनी पोळपाट पुसत होत्या, थांबल्या. म्हणाल्या, "मला कुठं त्रास होतो?"

मग तो झोपलेला माणूस परत आला, या वेळी माइक घेऊन. म्हणाला, फोनवर एक छान आवाज लागेल, आपलेपणाचा. सगळे म्हणाले, वहिनी! दुसरं कोण? वहिनी ठेवणीतले कपडे घालून आल्या. अख्खी दुपार चाललं होतं. "नमस्कार! गादीसाठी एक दाबा. उशीसाठी दोन दाबा. तक्रारीसाठी तीन दाबा." त्या विचारत होत्या, "पण हे कशासाठी?" तो म्हणाला, "सिस्टिमला लागतं." वहिनी खुश हो! एक वाक्य स्वतःलाच आवडलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, अगदी गोड होईपर्यंत. "आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे." मास्तर काम टाकून ऐकायला आले होते. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात गवंडी आला आणि खिडकी बुजवली. आता ऑर्डर थेट आतल्या पडद्यावर दिसते ना, खिडकी कशाला? वहिनींना एक गादी भेट दिली, वर लाल फीत. फोटो काढला. आणि मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांना हेतू समजावून सांगा. तुमचं तेच काम आहे." मी म्हटलं, साहेब, आता तरी सांगा, कशासाठी केलं? तर ते जरा लाजले. खरंच लाजले हो. म्हणाले, "एका दुसऱ्या कारखान्याच्या मालकानं चारचौघांत विचारलं, तुमच्याकडे कुठलं सॉफ्टवेअर? मला काही सांगताच आलं नाही. फार वाईट वाटलं."

हे घरी जाऊन सांगू? ओट्यापाशी उभा राहिलो. म्हटलं, वहिनी, बदल हा... रुजवायचा असतो... वहिनींनी हात पुसले, माझ्याकडे वळल्या, म्हणाल्या, "हो, पण कशासाठी, भावजी?" आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडातून पुन्हा तेच, कापसाचा बोळा असल्यासारखं, फफफ... दाढेची जखम कधीच भरून आली होती. मला रडू यायला हवं होतं. राग तरी यायला हवा होता. काही म्हणजे काही आलं नाही, भूक लागली. वहिनींनी माझं ताट घेतलं आणि म्हणाल्या, "बरं."

आता सगळं छान चाललंय हं. पंखा अजून लटपटतोय, ते सोडा. मास्तर पडद्याकडे बघतच नाहीत, मग मी जाऊन सांगतो, ते "होऽऽऽ" करतात, बुजवलेल्या खिडकीकडे तोंड करून. जुनी गिऱ्हाइकं फोन करतात, "वहिनी, कशा आहात? सासूबाईंचं ऑपरेशन झालं बरं का!" आणि वहिनी म्हणतात, "उशीसाठी दोन दाबा."

आणि खऱ्या वहिनी घरी असतात. दुपारी दादाला डोळा लागला की फोन घेऊन बाहेरच्या खोलीत बसतात. परवा मी लवकर आलो, तर फोन कानाला, नुसत्या ऐकतायत. मी विचारलं, वहिनी, कोणाला लावलाय? म्हणाल्या, "कोणाला नाही हो, भावजी. बघतेय, मी उचलते का."

उचलतात. पहिल्या रिंगला उचलतात. पूर्वी कधी इतक्या लवकर उचलत नव्हत्या.