बागेच्या फाटकातल्या चपला

४ मे. आभाळ मोकळं, ऊन रणरणतं. मुलीला बघायला मनोरची मंडळी आली होती, पण होकार अजून यायचा होता. छाप पडावी म्हणून मुलाच्या वडिलांना मी पालघर बाजारातल्या हुतात्मा स्तंभाच्या बागेत नेलं. नव्या चपला चावत होत्या, त्या फाटकातच काढल्या. ते बघून त्यांनीही काढल्या.

"इथं अशी शिस्त हाय होय?"

"हुतात्म्यांची जागा ना," मी म्हणालो आणि तापल्या फरशीवर इतिहास सुरू केला.

"तुमी सांगा, आमी एका पायावर ऐकतो."

तेवढ्यात मागून आमची ही आली. "अहो, एवढ्या चावतायत तर दुकानात परत करा ना त्या चपला!"

लग्नात व्याह्यांकडून मला आहेर आला. चपला, एक नंबर मोठ्या.