काचवाल्याचं ‘आपण’

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान आमचे प्रकाशक, सन्माननीय पाहुणे, अनुवाद विभागातले माझे सहकारी आणि ज्यांच्या निवृत्तीचं दुःख आम्ही हारतुऱ्यांनी झाकतो आहोत त्या आमच्या बाई,

बाईंबद्दल चार शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. चार? आमचं वर्षभर एकाच शब्दावरून वाजतंय!

आम्ही दोघं एका ज्यू कादंबरीचा अनुवाद करतोय. नायक खिडक्यांना काचा बसवणारा. गावातला जमाव ज्यू गल्लीतल्या खिडक्या फोडतो. दुसऱ्या दिवशी त्याच जमावात उभा असलेला शेजारी काचवाल्याच्या दारात हजर, कारण एक दगड चुकून त्याच्याच खिडकीला लागलेला. शेवटच्या पानावर काचवाला निमूटपणे माप घेतो आणि एवढंच विचारतो, यंदाचा हिवाळा आपण कसा काढणार? की, आम्ही कसा काढणार? मूळ भाषेत दोन्हींसाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत मात्र ‘आम्ही’ म्हटलं की शेजारी दाराबाहेर, ‘आपण’ म्हटलं की आत.

मी म्हणायचो, आम्ही. ज्यांनी काचा फोडल्या त्यांना कशाला आत घ्यायचं? बाई म्हणायच्या, “अहो, शेजारी आहे तो. उद्या पुन्हा तोंड दिसणारच की!” मग मी काच हे दुभंगलेल्या मनाचं प्रतीक वगैरे सुरू केलं. बाई म्हणाल्या, “आधी काच पुसा, प्रतीक मागाहून बघू.” हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी बाईंचं असं ऐकून घेतलंय.

प्रकाशकांनी बाईंचा ‘आपण’वाला मसुदा वाचून भलतंच विचारलं, “हा काचवाला शेजाऱ्याला ‘आपण’ म्हणून एवढा मान का देतोय?” त्यांनी ते आदरार्थी वाचलं होतं! मी कपाळाला हात लावला. बाई मात्र खूश. “जवळ घेतोय की अदबीनं चिमटा काढतोय, कळत नाही ना? तो माणूस तसाच आहे!”

तरी मी हटलो नाही. शेवटच्या पानावर आजही दोन्ही शब्द आहेत, आणि पुस्तक उद्या छपाईला जायचंय.

आज दुपारी बाई टेबल आवरत होत्या. शब्दकोश, चष्म्याचं घर, सुकलेली पेनं. म्हणाल्या, “तुम्हाला पटेल ते ठेवा. पुस्तक निघालं की आम्हाला एक प्रत पाठवा.”

आम्हाला! इतकी वर्षं समोरासमोर बसलो, आणि बाई एका सर्वनामात परक्या झाल्या. मंडळी, मला ते फार लागलं.

बाई, प्रत पाठवणार नाही. आपलं पुस्तक आहे, घ्यायला यायचं. ‘आम्ही’ मी खोडलंय.

अध्यक्ष महोदय, वेळ दिलात, सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. या भाषणातल्या चुका माझ्या एकट्याच्या, त्या पोटात घालाव्यात. पुस्तकातल्या मात्र, बाई, आपल्या दोघांच्या.