बकरी अजून विहिरीतच

सदरला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर शाळेच्या एक मॅडम बसल्या होत्या. बेसाच्या स्टॉपवर चढलेली एक बाई त्यांना पाहून शेजारी येऊन बसली.

"मॅडम, मी सातवीतल्या दीप्तीची आई. तुमच्याकडंच येऊन राहिली होती मी. हे पुस्तक वापस घ्या."

"काहून हो ताई? आवडलं नाही का तिला?"

"आवडलं, तेच तर झालं ना. घरी आली का हेच घेऊन बसते. परीक्षेत येते का हे?"

"नाही."

"मग लिहून आणाचं आहे का काही?"

"काहीच नाही. नुसतं मजेसाठी दिलं."

"बरं, एकटी वाचते तर वाचो. मी पोळ्या करतो तर मलेबी ऐकवते. काल गोष्टीतली बकरी विहिरीत पडली, तिले चारणारा पोरगा वरून हाका मारून राहिला, अन् हिनं पुस्तकच बंद केलं. म्हणे, आता उद्या."

"ते माझ्याकडून शिकली ती. वर्गात मीही अशीच ऐन वेळेला थांबते. मग पोरं पुस्तकासाठी मागं लागतात."

"ते पोरांसंगं करा ना मॅडम. मले सकाळपासून तेच सुचून राहिलं. निघते का बकरी?"

"सांगू?"

"नका सांगू. तसंच पाहाचं असतं तर पान उघडून मीच पाहिलं असतं."

सदर जवळ आलं.

"मॅडम, द्या ते पुस्तक इकडं. पोरगी घरी आली का हेच शोधन ना ती."