भैरवगढचं बोलावणं

हे कोणी वाचलंच तर अक्षराला हसू नका, शाळा चौथीपर्यंतच झाली, तीही हिंदीत, मराठी घरचीच, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. जन्म इथलाच, उज्जैनचा. आई माधव नगरात एका काकूंकडे स्वयंपाकाला जायची, तिच्यानंतर त्याच काकूंकडे मी.

काकूंना वाचायची फार आवड. मी भाजी निवडायला बसले की त्या इंग्रजी पुस्तकातलं मला मराठीत सांगायच्या. जुन्या काळची अमेरिका, बग्ग्या, मोठाले बंगले. त्यातल्या एका श्रीमंत घरच्या मुलीनं ठरलेलं लग्न मोडलं आणि घरी तसबिरी काढायला येणाऱ्याशी केलं. मग काय सांगू तुम्हाला, तिला कोणी जेवायला बोलवेना, सख्खी आई रस्त्यात भेटली तर बग्गीचा पडदा ओढून घ्यायची. काकू डोळे पुसत म्हणायच्या, कसली गं आई ही.

मी आपली मान खाली घालून मेथी निवडायची. कारण काकूंच्या वसुधाताईनं तेच केलेलं, डॉक्टरांच्या घरचा रिश्ता मोडून इथल्याच, गावाच्या टोकाच्या भैरवगढच्या कापड छापणाऱ्याशी लग्न, तेव्हापासून घरात तिचं नाव नाही. एक दिवस माझ्या तोंडून निघूनच गेलं, आपली तर भैरवगढलाच आहे ना काकू. काकूंनी पुस्तक मिटलं.

चैत्रात हळदीकुंकवाची बोलावणी द्यायला मीच जाते. त्या वर्षी काकूंनी घरं सांगितली, शेवटी भिंतीकडे बघत म्हणाल्या, भैरवगढलाही सांगून ये. मी ऑटोनं गेले. ताई कापडावर ठसे मारत होती, हात कोपरापर्यंत लाल. म्हणाली, मंदामावशी, बोलावणं बाहेरच्या बायकांना देतात, लेकीला देतात का? आईला सांग, पाहुण्या पुष्कळ आहेत तुझ्याकडे.

मी तसंच येऊन सांगितलं. काकूंनी डाळ वाटायची मध्येच सोडली, करंडा उचलला, चपला घातल्या. काका म्हणाले, कुठे? लेकीकडे, म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, तू चल, मला घर माहीत नाही.

तिथे ताई हात धुवायला उठली तर काकू म्हणाल्या, राहू दे, आणि त्या लाल हातांवरच हळद लावली. म्हणाल्या, चल, कैरी किसायची राहिलीय, मंदाला जमत नाही. झूठ बरं का, दर वर्षी मीच किसते.

आता ताई चैत्रात लेकीला घेऊन न बोलावता येते आणि किसणी माझ्या हातातून ओढून घेते. ते पुस्तक अर्धंच राहिलं. परवा मी विचारलं, काकू, त्या अमेरिकेतल्या मुलीचं पुढे काय झालं हो? म्हणाल्या, कोणाला माहीत, नात वाचू कुठे देते.

नेली असेल तिच्याही आईनं तिला घरी. मी आपलं तसंच धरून चालते.