बोहनीची पुडी

पोस्टाच्या रांगेत पुष्पलताच्या पुढे एक जोडपं कापडात शिवलेलं पार्सल घेऊन उभं होतं. आपली मनिऑर्डर विसरून ती ऐकत राहिली.

“जाहिरात वाचून आलेली पहिलीच ऑर्डर, अन् चिवडा उधार धाडून राहिले तुम्ही?”

“उधार नाही वं, व्हीपी आहे. गिऱ्हाईक पोस्टमनले पैसे देईन, तवाच पार्सल भेटन.”

“म्हणजे बोहनी उधारच ना! माहा जीव घाबरून राहिला. पिशवीतली ही पुडी आधी तुम्ही विकत घ्या.”

“मी? बरं, हे घे आठ आणे.”

पार्सल खिडकीतून आत गेलं. त्यानं पुडी फोडून घास तोंडात टाकला.

“काहून थांबले? बोला ना!”

“मीठ टाकलं होतं का वं?”

“माहा उपवास होता, चाखता नाही आला. पार्सलातलाही याच कढईतला आहे.”

आत धपकन शिक्का बसला.